निकाहनाम्याचा अठरावा रकाना : पाकिस्तानी मुली, त्यांचं प्रेम आणि घरचे

खाडीपार

आखातातल्या नोकऱ्यांच्या धाग्यावर मी सहज लिहून गेले होते की शारजात माझ्यासोबत काम करणाऱ्या पाकिस्तानी मुलींची लग्नं जमताना मी फार जवळून पाहिली आहेत. तिथे काहीजणींनी वेगळा धागा काढायला सांगितलं, म्हणून हा.

मी एका पॉलिक्लिनिकच्या लॅबमध्ये आहे. माझ्या पाळीत लाहोर, फैसलाबाद आणि कराचीच्या मुली आहेत. मी वयाने मोठी, म्हणून त्यांची 'बाजी'. डबा खाताना, रात्रपाळीत, बसमध्ये, सगळीकडे विषय एकच असतो: रिश्ता. खाली लिहितेय ते त्यांना विचारून लिहितेय. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

एकीचीच गोष्ट नीट सांगते. फैसलाबादची मुलगी, घर अराईं बिरादरीतलं. विद्यापीठात असताना एक मुलगा आवडला, तो राजपूत. दोघंही मुसलमान, दोघंही सुन्नी, दोघंही पंजाबी. आपल्याला वाटेल, मग अडचण काय? अडचण बिरादरीची. आपल्याकडे जातीबाहेर म्हटल्यावर घरात जी शांतता पसरते, तीच तिथेही पसरते.

तिने पहिल्यापासून एक गोष्ट पक्की केली होती. अम्मीला स्वतः सांगायचं नाही. कारण मुलीने तोंडाने 'मला तो आवडतो' म्हटलं की आरोपी मुलगी राहत नाही, आई होते. अब्बू आईला विचारणार, 'तुझं लक्ष कुठे होतं?' दादी विचारणार, फुप्पो, म्हणजे आत्या, विचारणार. म्हणून तिने धाकट्या खालाला, म्हणजे मावशीला, विश्वासात घेतलं. खालाने बहिणीला सांगितलं की माझ्या मैत्रिणीच्या ओळखीत एक चांगला मुलगा आहे. मग मुलाच्या आईचा फोन. मग चहा.

त्या चहाचं वर्णन तिने मला केलं ते जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे. ट्रॉली. वरच्या खणात शोकेसमधला ठेवणीतला टी-सेट, खालच्या खणात समोसे, शामी कबाब, बेकरीचा केक. ती ट्रॉली मुलीनेच ढकलत आणायची. समोरच्या बायका समोशाकडे बघत नाहीत, ट्रॉली ढकलणाऱ्या हातांकडे बघतात. रंग, उंची, चालणं. आधीच्या एका स्थळाच्या वेळी एका बाईंनी तिला उभं करून स्वतःच्या मुलीच्या शेजारी उंची जोखली होती. या वेळी निदान ते झालं नाही. ज्या मुलाशी ती रोज रात्री बोलत होती, त्याच्यासमोर तिने मान खाली घालून कप ठेवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा बघत असल्यासारखं ती दोघं वागली. हे सांगताना ती हसत नव्हती. तिला ते फार जड गेलं होतं. 'बाजी, अब्बूशी मी कधी खोटं बोलले नव्हते,' म्हणाली.

पुढे दादीने इस्तिखारा केला. रात्री दोन रकात नमाज, दुआ, आणि मग मनाला काय कौल मिळतो, काय स्वप्न पडतं ते बघायचं. दादीला गढूळ पाणी दिसलं. झालं, नकार. मुलगी वाद घालत बसली नाही. तिने नानीला फोन करून सांगितलं, तुम्हीही माझ्यासाठी इस्तिखारा करा. नानीचा कौल चांगला आला. दोन आज्ज्यांचे दोन कौल, आता निर्णय अब्बूंवर आला, आणि खरी गाठ तिथे कळली. चाचाच्या मुलासाठी ती लहानपणापासून 'धरलेली' होती. शिवाय तिच्या भावासाठी चाचाची मुलगी. त्याला तिकडे वट्टा-सट्टा म्हणतात. म्हणजे हिने नाही म्हटलं की भावाचंही मोडतं, आणि दोन सख्ख्या भावांची एकत्र जमीन, एकत्र विहीर, सगळंच विस्कटतं. पाकिस्तानात अर्ध्याहून अधिक लग्नं नात्यातच होतात. त्यामागे हे सगळं असतं: जमीन घरात राहते, सून माहितीतली असते, आणि म्हातारपणी भावाला भाऊ धरून राहतो.

तिची सुटका भावाने केली. तो चाचांकडे गेला आणि म्हणाला, मी तुमच्या मुलीशी लग्न करतो, पण बाजीला यातून मोकळं करा. असे भाऊही असतात, हे मला इथे ठळकपणे लिहायचं आहे, कारण बातमीत येतात ते दुसरे.

निकाह झाला. रुख्सती अजून बाकी आहे, मुलाच्या व्हिसासाठी. आता ती जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलते. निकाह आधी, पाठवणी नंतर, ही पद्धत तरुण मुलींना आवडते त्याचं कारण हेच. मधल्या काळात ती दोघं उजळ माथ्याने एकमेकांना ओळखू शकतात.

आता शीर्षकातला रकाना. पाकिस्तानात निकाहनाम्याचा सरकारी छापील नमुना आहे. त्यातला अठरावा रकाना विचारतो: नवऱ्याने तलाकचा अधिकार बायकोला दिला आहे का, आणि कोणत्या अटींवर? कायदा मुलीला ही जागा देतो. आणि निकाह लावणारा मौलवी बहुतेक वेळा मुलीसमोर कागद येण्याआधीच त्यावर तिरपी रेघ मारून मोकळा होतो.

हिने कागद आदल्या दिवशीच व्हॉट्सॲपवर मागवला. रेघ मारलेली होतीच. अब्बू म्हणाले, शुभकार्यात तलाकची गोष्ट काढायची? अम्मी रडली. दोन दिवसांपूर्वीपर्यंत ज्यांनी तिच्यासाठी चाचाशी वाईटपणा घेतला, त्यांनाच आता आणखी किती ताणायचं, असं तिला वाटलं. तिने अठरावा सोडला आणि सतराव्यात, म्हणजे 'विशेष अटी' मध्ये, 'लग्नानंतर नोकरी चालू ठेवेन' एवढं लिहून घेतलं. सासरकडून मेहर, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम, 'शरई' म्हणून सव्वाबत्तीस रुपये सुचवला गेला होता. तो मात्र अब्बूंनीच हाणून पाडला आणि सोन्यात लावून घेतला.

माझं म्हणणं एवढंच. या मुलींना घर सोडून पळायचं नाही. प्रेम हवं आहे आणि डोक्यावर अब्बूंचा हातही हवा आहे. त्यासाठी त्या वर्षानुवर्षं जी बोलणी करतात त्यात बुद्धी, संयम आणि धैर्य या तिन्हींचा कस लागतो, आणि त्याबद्दल कुणी लिहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला यातलं माहीत असेल तर लिहा.

---

रातराणी

काय सुरेख लिहिलंयस! ट्रॉली तर आम्ही मालिकांमध्ये पाहून पाहून पाठ केली आहे. २०१४ मध्ये झी जिंदगी वाहिनी सुरू झाली तेव्हा माझ्या सासूबाई आणि मी रोज रात्री पाकिस्तानी मालिका बघायचो. वीसपंचवीस भागांत संपणाऱ्या. २०१६ नंतर त्या बंद झाल्या आणि सासूबाईंना खरंच चुकल्यासारखं झालं.

त्यातल्या कितीतरी कथा बायकांच्या उर्दू मासिकांतून, म्हणजे डायजेस्टमधून आलेल्या असायच्या. लिहिणाऱ्या बायका, वाचणाऱ्या बायका. तुझ्या मैत्रिणी वाचतात का ती?

---

खाडीपार

@रातराणी, त्यांच्या आया वाचायच्या, उशीखाली ठेवून. या मुली मोबाइलवर वाचतात. लाहोरची म्हणते की प्रेमात माणसं काय बोलतात ते मला डायजेस्टने शिकवलं, पण त्या गोष्टींत मुलगी जितकं सहन करेल तितकी शेवटी जिंकते, ते मात्र माझ्या आपीने, म्हणजे मोठ्या बहिणीने, खरं मानलं आणि फार वर्षं वाया घालवली.

---

वकिलीण_ठाणे

कौटुंबिक न्यायालयात वकिली करते, आणि शेजारच्या देशाचे कौटुंबिक कायदे हा माझ्या आवडीचा अभ्यास. थोडी भर घालते.

हा छापील निकाहनामा आला १९६१ च्या मुस्लिम कौटुंबिक कायदे अध्यादेशामुळे. त्यामागची हकीकत या धाग्याच्या विषयाला धरूनच आहे. १९५५ मध्ये पंतप्रधान मोहम्मद अली बोगरा यांनी पहिली पत्नी असताना आपल्या सेक्रेटरीशी दुसरं लग्न केलं. बेगम राना लियाकत अली खान यांनी १९४९ मध्ये काढलेल्या अखिल पाकिस्तान महिला संघटनेच्या बायका खवळल्या, त्यांनी निषेध केला, आणि त्याच वर्षी सरकारला विवाह कायद्यांसाठी आयोग नेमावा लागला. त्या आयोगाच्या शिफारशी अयुब खान यांच्या काळात कायद्यात उतरल्या. दुसऱ्या लग्नासाठी लवाद परिषदेची लेखी परवानगी, तलाकची लेखी नोटीस आणि नव्वद दिवसांची मुदत, लग्नाची नोंदणी, हे सगळं तेव्हाचं.

अठराव्या रकान्याला शास्त्रात तलाक-ए-तफवीज म्हणतात. तो भरलेला असेल तर बायको कोर्टात न जाता विवाह संपवू शकते आणि मेहरवरचा हक्कही राहतो. तो खोडलेला असेल तर तिला कोर्टातून 'खुला', म्हणजे बायकोने मागितलेला घटस्फोट, घ्यावा लागतो, आणि त्यात मेहर सहसा सोडावा किंवा परत करावा लागतो. खुलासाठी नवऱ्याची संमती लागत नाही, हे पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये खुर्शीद बीबी खटल्यात मान्य केलं. २००२ च्या दुरुस्तीनंतर समेट फसला की कोर्ट लगेच हुकूमनामा देतं. म्हणजे दार बंद नाही, पण अठरावा भरलेल्या बाईला त्या दारापर्यंत जावंच लागत नाही.

आता प्रेमविवाहाचं. लाहोरच्या सायमा वहीदने १९९६ मध्ये वडिलांच्या इच्छेविरुद्ध निकाह केला आणि मानवी हक्कांच्या वकील अस्मा जहांगीर यांच्या 'दस्तक' या निवाऱ्यात आसरा घेतला. वडील हायकोर्टात गेले. त्यांचं म्हणणं, वलीच्या, म्हणजे पालकाच्या, संमतीशिवाय सज्ञान मुलीचाही निकाह होत नाही. मार्च १९९७ मध्ये तीनपैकी दोन न्यायमूर्तींनी निकाह वैध ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल २००३ मध्ये कायम केला. पण हेही वाचण्यासारखं आहे की तिच्या बाजूने निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींपैकी एकाने चोरून जुळवलेल्या अशा लग्नांबद्दल नापसंती लिहून ठेवली. निकाल तिच्या बाजूने, आणि उपदेशही तिलाच.

प्रत्यक्षात आजही काय होतं? मुलीने स्वेच्छेने निकाह केला की बाप पोलिसात अपहरणाची फिर्याद देतो. मुलगी मॅजिस्ट्रेटपुढे कलम १६४ खाली जबाब देते की मी माझ्या मर्जीने गेले. मग हायकोर्टात फिर्याद रद्द करून घ्यायची. तोवर तिला अनेकदा दारुल अमानमध्ये, म्हणजे सरकारी आधारगृहात, ठेवतात. आपल्याकडच्या कोर्टांत फिरलेल्या कुणालाही हा क्रम ओळखीचा वाटेल. दोन्हीकडची फौजदारी प्रक्रिया एकाच इंग्रजी मुशीतून आली आहे.

---

गडवाट

वकिलीणताई, उत्तम प्रतिसाद. मात्र एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. सिंधमधल्या हिंदू मुलींचं काय? तिथे 'प्रेमविवाह' म्हणून जे दाखवलं जातं ते कित्येकदा अपहरण आणि धर्मांतर असतं. 'मुलीने मर्जीने निकाह केला' हे वाक्य तिथेही कोर्टात ऐकवलं जातं.

---

वकिलीण_ठाणे

@गडवाट, प्रश्न अगदी रास्त. त्या मुलींमध्ये अल्पवयीन असतात, आणि जबाब देताना दरवाजाबाहेर कोण उभं आहे यावर तो जबाब किती खरा ते ठरतं. सिंधने २०१४ मध्ये लग्नाचं वय मुलामुलींसाठी १८ केलं, त्याचा उपयोग व्हायला हवा होता. पण धर्म बदलला की वयाचा प्रश्न मागे पडतो आणि कोर्टंही कच खातात. बाकीच्या देशात बराच काळ १९२९ चा आपला जुना शारदा कायदाच, म्हणजे बालविवाह रोखणारा कायदा, चालू राहिला, मुलीसाठी १६. इस्लामाबादसाठी १८ चा कायदा २०२५ मध्ये झाला.

आणखी एक. हिंदू लग्नाची नोंद करायला पाकिस्तानात कायदाच नव्हता. सिंधमध्ये तो २०१६ मध्ये आला, संघीय कायदा २०१७ मध्ये. तोवर विवाहित हिंदू बाईबद्दल 'ही माझी बायको' असं सिद्ध करणारा कागद नवऱ्याकडे नसायचा. अपहरणाच्या प्रकरणांत हे फार महागात पडलं.

---

धुळाक्षर

लेख मनापासून लिहिलेला आहे, पण मला खटकलं ते सांगतो. भाऊ येतो, चाचाला समजावतो, सगळं गोड होतं. खरं चित्र असं आहे का?

१९९९ मध्ये पेशावरची सामिया सरवर नवऱ्यापासून घटस्फोट मागत होती. लाहोरात वकील हिना जिलानी यांच्या ऑफिसात तिची आई भेटायला म्हणून आली, सोबत मारेकरी घेऊन. मुलीला तिथेच गोळी घातली. वडील तिकडच्या व्यापारी मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे शिकलेलं, पैसेवालं घर. सिनेटमध्ये साधा निषेधाचा ठराव मंजूर झाला नाही. २०१६ मध्ये मुलतानात सोशल मीडियावर गाजलेल्या कंदील बलोचला सख्ख्या भावाने मारलं. आणि जून २०२५ मध्ये इस्लामाबादला सना युसूफ ही सतरा वर्षांची मुलगी घरात घुसून मारली गेली. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे कारण काय, तर तिने एकाला वारंवार नकार दिला होता. दरवर्षी शेकडो बायका 'इज्जती'च्या नावाखाली जातात. तुमची फैसलाबादची मुलगी नशीबवान. तिच्यावरून सगळ्यांचं ठरवू नका.

---

खाडीपार

@धुळाक्षर, तुम्ही लिहिलेलं सगळं खरं आहे आणि त्या मुलींना हे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सना युसूफची बातमी आली त्या रात्री लॅबमध्ये कुणी जेवलं नाही. कराचीची मुलगी म्हणाली, 'हो म्हटलं तर भाऊ मारेल, नाही म्हटलं तर तो मारेल, मग आम्ही बोलायचं काय?' तिच्या फोनमध्ये तेव्हा एका मुलाचे मेसेज साठत होते, ज्याला ती टाळत होती. त्या रात्री तिने ते सगळे आपल्या मोठ्या भावाला दाखवले. दाखवायला तिला किती भीती वाटत असेल याचा विचार करा, कारण 'त्याला नंबर कुठून मिळाला' हा पहिला प्रश्न तिलाच येणार होता. आलाच. पण भावाने नंतर त्या मुलाच्या घरी जाऊन ते थांबवलं.

म्हणून मी बोलण्यांबद्दल लिहिलं. ज्या घरात बोलता येतं तिथे मुलगी वाचते. ज्या घरात येत नाही, त्या घरासाठी कायदा आणि पोलीस हवेत, आणि तिथे तुमचा राग मला शंभर टक्के मान्य आहे.

---

वकिलीण_ठाणे

कंदीलच्या खुनानंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये कायदा बदलला, तो इथे सांगायला हवा. त्याआधी मारणारा घरातला आणि माफ करणारेही घरातले, त्यामुळे भाऊ सुटायचा. आता इज्जतीच्या नावाखालच्या खुनात वारसांनी माफ केलं तरी जन्मठेप आहे. पण खून 'इज्जतीसाठी' होता हे कोर्टात शाबित व्हावं लागतं. कंदीलच्या भावाला २०१९ मध्ये जन्मठेप झाली आणि २०२२ मध्ये अपिलात तो सुटला. कायद्यातली फट कुठे उरली आहे ते यावरून कळतं.

---

निफाडची_वहिनी

मी इथे फारशी लिहीत नाही, पण वट्टा-सट्टा वाचून राहवलं नाही. आमच्याकडे साटंलोटं म्हणतात. माझ्या मावशीचं असंच झालं होतं. तिच्या नणंदेला माझ्या मामाने नांदवलं नाही, म्हणून मावशीला तिच्या सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं. तिचा संसार चांगला चालला होता. नवरा चांगला होता. तरी सोडलं, कारण हिशेब बरोबर करायचा होता. ती पुढची सगळी हयात आजीकडे राहिली.

म्हणून त्या मुलीच्या भावाने काय केलं ते मला कळलं. त्याने हिशेब स्वतःपुरता मिटवला. पण ताई, चाचाच्या मुलीला कुणी विचारलं का? तिला तो हवा होता का?

---

खाडीपार

@निफाडची_वहिनी, तुमचा प्रश्न मी तिला विचारला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली की चाचाच्या मुलीला भाऊ आवडतो असं सगळे धरून चालले होते, तिला वेगळं कुणी विचारलं नाही. त्याच रात्री तिने तिला फोन केला. काय बोलणं झालं ते त्या दोघींचं, मी विचारलं नाही. लग्न अजून व्हायचं आहे, एवढं मात्र कळलं.

---

रातराणी

+१ वहिनी. हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता.

मला दुसरं विचारायचंय. कॉलेजातल्या पोरापोरींचं काय? सगळं खाला आणि चहातूनच होतं का? ॲप्स वगैरे?

---

खाडीपार

ॲप्स आहेत. टिंडर आणि तसली चारपाच सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंद केली, पण 'निकाहसाठी' म्हणवणारी चालतात, आणि मुली ती घरच्यांना सांगूनही वापरतात. लाहोरच्या मुलीचं प्रोफाइल तिच्या अम्मीनेच लिहिलं आहे. फोटो तिने निवडला, मजकूर अम्मीचा: 'सय्यद घराणं, नमाजी, घरेलू, एमफिल'.

कॉलेजात बघणारे डोळे फार. मार्च २०२१ मध्ये लाहोरच्या एका खाजगी विद्यापीठात एका मुलीने सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसून मुलाला फुलं दिली, त्याने ती घेतली, दोघांनी मिठी मारली. व्हिडिओ देशभर फिरला आणि विद्यापीठाने दोघांनाही काढून टाकलं. माझ्या मैत्रिणींमध्ये त्यावरून आजही भांडण होतं. एक म्हणते, तिने असं चारचौघांत करायला नको होतं. दुसरी म्हणते, अडचण मिठीची नव्हतीच, मागणी मुलीने घातली ही होती. मला दुसरीचं पटतं.

---

जुना_वाचक

वकिलीणबाईंच्या प्रतिसादावरून आठवलं ते लिहितो. १९६१ मध्ये पाकिस्तानात कायदा झाला आणि १८ एप्रिल १९६६ ला आपल्या मुंबईत हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा काढला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध. सातच होत्या, पण रस्त्यावर उतरल्या. दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. १९७० मध्ये त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापलं. त्या सात जणींची आठवण इथे निघावी असं वाटलं, म्हणून लिहिलं.

---

दाभोळची

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. आता माझं सांगते, कारण हा विषय माझ्या घरातला आहे.

आम्ही कोकणी मुसलमान. फाळणीनंतर माझी मोठी खाला लग्न होऊन कराचीला गेली, तिथे आपल्या कोकणातली पुष्कळ घरं आहेत. खाला आता नाही. तिच्या मुलांना आमची बोली येते, नातवंडांना समजते पण बोलताना उर्दूच येते. व्हिसा मिळत नाही, म्हणून नातं सगळं व्हॉइस मेसेजवर. खालाची नात डॉक्टर आहे. तिच्या वर्गात मुलांपेक्षा मुलीच जास्त होत्या. आणि त्यातल्या कितीतरी आज घरी बसल्या आहेत. सासूला 'डॉक्टर बहू' हवी असते, दवाखान्यात जाणारी मात्र नको असते. तिच्या दोन मैत्रिणी आता 'सेहत कहानी' मधून घरबसल्या व्हिडिओवर रुग्ण तपासतात. ते काम दोन डॉक्टर बायकांनीच सुरू केलं, अशाच घरी बसलेल्या डॉक्टरणींसाठी. त्यांना ते फार मोलाचं वाटतं, पण ती म्हणते, मला वॉर्डात उभं राहायचंय.

तिचं सोबतच्या एका डॉक्टरवर प्रेम आहे. तो पठाण. आमच्याकडे आजवर बाहेर मुलगी दिलेली नाही, 'कोकण्यांची कोकण्यांत' एवढंच. तिच्या अब्बांनी, म्हणजे माझ्या मावसभावाने, मला मेसेज करून विचारलं, 'बाजी, तुम्ही काय म्हणता?' मी इथे दाभोळात, मुलाला कधी पाहिलेलं नाही, मी काय सांगणार? पण मग लक्षात आलं की त्याला माझं मत नको होतं. त्याला हो म्हणायचं होतं आणि घरातल्या कुणा मोठ्याचा पाठिंबा हवा होता. मी म्हटलं, मुलगा नेक असेल, तिला काम करू देत असेल, तर दे. खाला असती तर तिनेही हेच सांगितलं असतं. शेवटचं वाक्य मी विचार करून बोलले, कारण त्याला तेच ऐकायचं होतं, आणि मला ते खरंही वाटतं.

हिवाळ्यात निकाह आहे. वकिलीणताई, मला सांगा: सतराव्यात नेमकं काय लिहायचं, अठराव्याचं कसं बोलायचं, आणि कागद कुणाकडे राहतो?

---

धुळाक्षर

दाभोळच्या ताई, मनापासून शुभेच्छा. तुमच्या मावसभावासारखे बाप असतात हे वाचून बरं वाटलं.

---

वकिलीण_ठाणे

@दाभोळची, आधी मुबारकबाद!

सतराव्यात मोघम लिहू नका. 'शिक्षण व नोकरीस हरकत नाही' यापेक्षा 'हाउसजॉब (पदवीनंतरची दवाखान्यातली उमेदवारी) आणि त्यापुढचं विशेषज्ञ प्रशिक्षण पूर्ण करेल, दवाखान्यात नोकरी करेल, कमाई तिची राहील' असं स्पष्ट लिहावं. वेगळं घर ठरलं असेल तर तेही तिथेच. मेहरमध्ये किती तत्काळ द्यायचा आणि किती मागाहून, हे दोन्ही भाग वेगळे लिहिलेले हवेत. ते तेरा ते सोळा या रकान्यांत येतं.

अठराव्याचं बोलणं निकाहच्या दिवशी काढू नका. दोनशे माणसं जमलेली असताना कुणीही 'आता हे कशाला' म्हणेल आणि मुलगी गप्प बसेल. महिनाभर आधी, आणि मुलाशी थेट, तिने स्वतः बोलावं. तो अधिकार त्यानेच द्यायचा असतो. मुलगा डॉक्टर आहे, तिच्यावर प्रेम करतो, तर एवढं त्याला समजावं. तो तयार असेल तर घरच्यांना 'मुलाचीच इच्छा आहे' असं सांगता येतं, आणि तुमच्या मावसभावावर 'मुलीच्या बापाने अविश्वास दाखवला' असा ठपका येत नाही. मौलवीसाहेबांनाही आदल्या दिवशी सांगून ठेवा की कोऱ्या रकान्यांवर रेघ मारू नका, आम्ही भरून देऊ.

निकाहनामा चार प्रतींत भरतात. एक मुलीची, एक मुलाची, एक निबंधकाच्या वहीत राहते, एक युनियन कौन्सिलला, म्हणजे तिथल्या स्थानिक संस्थेला, जाते. मुलीची प्रत पुष्कळदा 'सांभाळून ठेवतो' म्हणून सासरे किंवा नवरा ठेवून घेतात. ती तिने त्याच दिवशी स्वतःच्या पर्समध्ये टाकावी, आणि सगळ्या पानांचे फोटो काढून तुम्हाला दाभोळला पाठवावेत. नंतर युनियन कौन्सिलमधून नादराचा, म्हणजे त्यांच्या राष्ट्रीय नोंदणी संस्थेचा, संगणकीकृत विवाह दाखला काढून घ्यावा, परदेशात शिकायला जायचं झालं तर तोच मागतात.

काही अडलं तर मला व्यक्तिगत संदेश करा.